गुडघ्यातली न भरणारी जखम

खेळताना पडलात आणि गुडघा खरचटला, तर तुम्ही काय करता? जखम धुता, औषध लावता आणि विसरून जाता. आठ-दहा दिवसांत खपली धरते, ती गळते आणि खाली नवी कातडी दिसते. हाड मोडले तरी ते योग्य जागी बसवून प्लास्टरमध्ये ठेवल्यास काही आठवड्यांत सांधते. शरीर आपली दुरुस्ती आपणच करते, असा आपला अनुभव आहे.

पण त्याच गुडघ्याच्या आत एक भाग असा आहे, की त्याला खोल इजा झाली तर ती सहसा भरून येत नाही. तो भाग म्हणजे कूर्चा. तुमच्या पाठ्यपुस्तकात तिला कास्थी म्हटले आहे. विल्यम हंटर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली सांध्यांतील कूर्चेवर एक निबंध वाचला. कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा पूर्ववत होत नाही, हे त्यात त्याने नोंदवून ठेवले होते. आज पावणेतीनशेहून अधिक वर्षे उलटली, तरी ही अडचण पूर्णपणे सुटलेली नाही. ती किती अवघड आहे, हे एका खेळाडूच्या उदाहरणावरून पाहू.

बावीस वर्षांचा खेळाडू

अमारे स्टाउडमायर हा अमेरिकेतील बास्केटबॉलपटू. २००२ साली शाळेतून तो थेट व्यावसायिक संघात, फिनिक्स सन्समध्ये, गेला. उंची सुमारे २०८ सेंटिमीटर आणि वजन ११० किलोग्रॅमच्या आसपास. एवढा आडदांड देह घेऊन तो हरणासारखा उसळी मारी आणि चेंडू वरून कड्यात घाली. २००४-०५ च्या हंगामात त्याने दर सामन्यामागे सरासरी २६ गुण मिळवले. त्या हंगामातील पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत सॅन अँटोनियोच्या बलाढ्य संघाविरुद्ध तर ही सरासरी ३७ वर गेली. संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे सात कोटी तीस लाख डॉलरचा करार केला.

आणि ऑक्टोबर २००५ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्यातील कूर्चा खराब झाल्याचे आढळले. त्या वेळी त्याचे वय होते अवघे २२ वर्षे.

गुडघ्याच्या आत काय असते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे भेटतात तेथे गुडघा असतो. पुढच्या बाजूला वाटी असते. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट अस्थिबंध असतात. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. या गाद्यांखेरीज प्रत्येक हाडाच्या टोकावर एक पांढरा, चकचकीत, गुळगुळीत थर असतो. हीच आपली कूर्चा. तिची जाडी बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढी.

हा पातळ थर किती भार पेलतो पाहा. साधे चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. उंच उडी मारून खाली उतरताना तो याहून कितीतरी वाढतो. तरीही निरोगी सांधा इतका सहज सरकतो, की तेथील घर्षण बर्फावर बर्फ घासताना होते त्याहूनही कमी असते.

हे कसे साधते? कूर्चेच्या वजनाचा निम्म्याहून बराच जास्त भाग पाणी असते. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे जाळ्यासारखे विणलेले असतात आणि पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू त्या जाळ्यात अडकलेले असतात. भार आला की ओल्या स्पंजप्रमाणे थोडे पाणी बाहेर पडते. भार हलका झाला की ते पुन्हा आत शोषले जाते. सांध्यातील वंगणासारखा द्रव अशा रीतीने आत-बाहेर होतो आणि त्याच्याबरोबरच कूर्चेतील पेशींना अन्न मिळते.

आता खरी मेख लक्षात घ्या. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्वचेला जखम झाली की रक्त येते, ते गोठते आणि रक्तातून आलेल्या पेशी दुरुस्तीला लागतात. कूर्चेत रक्तच पोहोचत नाही, मग दुरुस्तीचे साहित्य येणार कोठून? तिच्या स्वतःच्या पेशी फार थोड्या असतात आणि त्या आपापल्या जागी अडकून पडलेल्या असतात. शिवाय कूर्चेत मज्जातंतूही नसतात. त्यामुळे तिची झीज सुरू झाली तरी आरंभी दुखत नाही. दुखू लागते तेव्हा बहुधा बराच उशीर झालेला असतो.

हाडाला भोके पाडायची!

हाडाच्या आत मात्र रक्त आहे, मज्जा आहे. मग ते रक्तच वर आणले तर? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या व्हेल गावी काम करणाऱ्या डॉ. रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० नंतरच्या दशकात यावरून एक शस्त्रक्रिया विकसित केली. तिला मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात.

यात गुडघा मोठा उघडत नाहीत. छोट्या छिद्रातून आर्थ्रोस्कोप नावाची बारीक दुर्बीण आत घालतात. (सांध्यात दुर्बीण घालून पाहण्याचा प्रयोग टोकियोच्या केन्जी ताकागी यांनी १९१८ साली मृतदेहाच्या गुडघ्यावर केला होता.) सैल झालेली कूर्चा खरवडून काढतात. मग उघड्या पडलेल्या हाडाला अणकुचीदार आरीने तीन-चार मिलिमीटर अंतरावर बारीक भोके पाडतात. भोकांतून रक्त आणि मज्जेतील पेशी वर झिरपतात, तेथे गोठतात आणि कित्येक महिन्यांनी त्या जागी नवा थर तयार होतो.

पण हा थर मूळच्या कूर्चेसारखा नसतो. त्याची वीण निराळी असते, तो अधिक तंतुमय असतो आणि भार पेलण्यात कमी पडतो. जरीच्या पैठणीला सुती कापडाचे ठिगळ लावावे, तसा हा प्रकार. भोक बुजते, पण पैठणी परत येत नाही.

तुम्ही काय ठरवले असते?

आता क्षणभर त्या खेळाडूच्या जागी स्वतःला ठेवा. शस्त्रक्रिया केली नाही, तर प्रत्येक उडीबरोबर जखमेची कड उसवत जाणार आणि हाडावर हाड घासण्याची वेळ येणार. केली, तर हंगामाचा मोठा भाग गेला. कित्येक आठवडे कुबड्या, पायावर भार अजिबात नाही आणि रोज तासन्‌तास यंत्राच्या साहाय्याने गुडघा हळूहळू हलवत राहायचे. एवढे करून पूर्वीसारखी उसळी येईल याची हमी नाहीच.

आधीची उदाहरणेही परस्परविरोधी होती. पेनी हार्डवे या नामांकित खेळाडूवर २००० साली ही शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याला पूर्वीची चपळाई कधीच गवसली नाही. तो फिनिक्सच्याच संघात होता आणि काही काळ स्टाउडमायरचा सहकारीही होता. उलट जेसन किड २००४ साली एकतिसाव्या वर्षी याच शस्त्रक्रियेला सामोरा गेला, त्याच वर्षी डिसेंबरात मैदानात परतला आणि २०११ साली विजेत्या संघातून खेळला.

असा फरक का पडतो? जखम किती मोठी, कोणत्या जागी, रोग्याचे वय आणि वजन किती, त्याचा खेळ कसा आणि विश्रांतीचे नियम त्याने किती पाळले, या सर्वांवर निकाल अवलंबून असतो. किडचा खेळ नजर आणि पास यांवर उभा होता. स्टाउडमायरचा खेळ म्हणजे उसळीच!

पुढे काय झाले?

स्टाउडमायरवर ऑक्टोबर २००५ मध्ये शस्त्रक्रिया झाली. मार्च २००६ मध्ये तो परतला, पण तीन सामन्यांतच त्याला थांबावे लागले. घाई उपयोगाची नव्हती. पुढच्या हंगामात मात्र तो सर्वच्या सर्व ८२ सामने खेळला. सामन्यामागे वीसहून अधिक गुण मिळवून २००७ साली हंगामातील सर्वोत्तम पाच खेळाडूंच्या संघात त्याची निवड झाली.

म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी झाली? होय आणि नाहीही. २०१० साली न्यूयॉर्क निक्सने त्याला मोठा करार दिला, तेव्हा त्याच्या गुडघ्यांचा विमा उतरवता आला नाही. २०१२-१३ च्या हंगामात दोन्ही गुडघ्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि त्या हंगामात तो २९ सामनेच खेळू शकला. २०१६ साली, तेहतिसाव्या वर्षी, त्याने त्या स्पर्धेतून निवृत्ती घेतली. ठिगळाने त्याला काही उत्तम वर्षे मिळवून दिली, पण नवा गुडघा दिला नाही.

संशोधन चालूच आहे. स्वीडनमधील डॉक्टरांनी रोग्याच्याच कूर्चेतील पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या आणि परत गुडघ्यात बसवल्या. त्यांचा अहवाल १९९४ साली प्रसिद्ध झाला. हंगेरीत कमी भाराच्या जागेवरील हाड-कूर्चेचे छोटे खुंट काढून जखमेत रोवण्याची पद्धत निघाली. तरी मूळ कूर्चेची हुबेहूब नक्कल अजून कोणाला साधलेली नाही.

स्वतः पाहा

घरी मांसाहार होत असेल, तर कोंबडीच्या तंगडीचे हाड शिजवण्यापूर्वी तपासा. टोकावरचा निळसर पांढरा थर बोटाने चाचपा आणि नखाने दाबून पाहा. नाहीतर आपल्या नाकाचा शेंडा दाबा. तेथेही कूर्चाच आहे. मग सावकाश उठा-बशा काढून पाहा. दोन नाण्यांएवढ्या जाडीचा तो थर तुमचे सारे वजन निमूटपणे पेलत असतो.

आणि हो, कबड्डी किंवा खो-खो खेळताना गुडघा सुजला, अडकला किंवा मध्येच दगा देऊ लागला, तर तसेच खेळत राहू नका. शिक्षकांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. खरचटलेली कातडी भरून येईल, पण आतली कूर्चा बहुधा एकदाच मिळते.