पॉलिटेक्निकमधून डिग्रीला: थेट दुसऱ्या वर्षाचं दार

लेखमाला: दहावीनंतरच्या वाटा | भाग ५

कॉटन ग्रीनहून वांद्र्याकडे जाणारी हार्बरची गाडी शिवडी, वडाळा रोड, किंग्ज सर्कल, माहीम असं करत जाते. काळाचौकी-अभ्युदयनगरच्या पोरांना डिप्लोमासाठी ही गाडी सोयीची. वडाळ्याला उतरलं की विद्यालंकार पॉलिटेक्निक, वांद्र्याला उतरलं की खेरवाडीचं शासकीय तंत्रनिकेतन. या दोन्हींच्या मध्ये किंग्ज सर्कल लागतं आणि तिथून चालत गाठता येते माटुंग्याची व्हीजेटीआय. बारावी आणि सीईटीच्या वाटेने तिथे पोचणाऱ्यांबद्दल घरोघरी बोललं जातं. डिप्लोमा करून तिथेच दुसऱ्या वर्षाला बसता येतं, हे मात्र बऱ्याच पालकांना मुलगा शेवटच्या सेमिस्टरला आल्यावर कळतं. तोवर तयारीचे बरेच महिने हातचे गेलेले असतात.

गेल्या भागात दहावीनंतर डिप्लोमाला प्रवेश कसा मिळतो ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा टप्पा: पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. कॉलेजात याला सगळे 'डीएसई' म्हणतात.

नियम तसा सुटसुटीत आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा किमान ४५ टक्क्यांनी, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्क्यांनी, पूर्ण केलेल्याला बी.ई. किंवा बी.टेक.च्या पहिल्या वर्षाची गरज नाही. वेगळी सीईटी नाही. डिप्लोमाच्या टक्केवारीवर राज्याचा सीईटी कक्ष गुणवत्ता यादी लावतो आणि कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतून, जागा वाटतो. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधरांनाही हे दार उघडं आहे, पण डिप्लोमावाल्यांचा नंबर आधी. शाखा बदलता येते, म्हणजे मेकॅनिकलचा डिप्लोमावाला कॉम्प्युटरला अर्ज करू शकतो. कॉम्प्युटरच्या यादीत गर्दी होते त्याचं हे एक कारण.

आता जागा येतात कुठून, ते पाहू. मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्क्यांपर्यंत वाढीव जागा डीएसईसाठी असतात. शिवाय पहिल्या वर्षाच्या ज्या जागा भरल्याच नाहीत, त्याही इथे येतात. साठ जागांची एक शाखा घ्या. दहा टक्के म्हणजे सहा. या सहा जागा प्रवर्गांत विभागल्या की खुल्या गटाच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. ज्या कॉलेजचं पहिलं वर्ष पूर्ण भरतं, तिथे हिशोब या सहावरच संपतो. ज्या कॉलेजात पहिल्या वर्षी वीस जागा रिकाम्या राहिल्या, तिथे त्याच शाखेसाठी सव्वीस जागा होतात. म्हणून एका कॉलेजात कटऑफ आभाळाला टेकलेला आणि दुसऱ्या ठिकाणी कमी टक्क्यांनाही सहज प्रवेश, हे चित्र दिसतं. व्हीजेटीआय पहिल्या गटातली.

या संस्थेचं आणि गिरणगावाचं नातं जुनं आहे. मुंबईच्या गोदामांत कापसाच्या गाठी येत आणि त्यांचं सूत लालबाग-परळच्या गिरण्यांत निघे, त्या काळात गिरण्यांना हाताशी जाणकार तंत्रज्ञ हवे होते. १८८७ साली भायखळ्यात व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली ती त्यासाठी. १९२३ साली ती माटुंग्याला आली, १९९७ साली वीरमाता जिजाबाईंचं नाव लागलं. आज संस्था स्वायत्त आहे आणि डिग्रीबरोबर डिप्लोमाचे वर्गही तिथे चालतात. तिथल्या डिप्लोमाच्या मुलांनाही डिग्रीसाठी इतरांसारखंच कॅपच्या रांगेत यावं लागतं. 'आतला आहे, मिळेलच' हा समज कुणी करून घेऊ नये.

इथे थोडं अमेरिकेकडे पाहू, कारण डिग्रीत मधूनच शिरण्याचा हा प्रश्न तिथे वेगळ्या तऱ्हेने हाताळला जातो. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. फी कमी, घराजवळ, दोन वर्षं तिथे काढायची आणि तिसऱ्या वर्षी राज्याच्या मोठ्या विद्यापीठात जायचं. १९६०च्या राज्य शिक्षण आराखड्यातच ही वाट आखून दिली आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसमध्ये तर अटी पूर्ण केल्या की प्रवेशाची हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या हमीत नाहीत. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. तिथे सरासरी गुणांसोबत विषयही तपासतात. अमुक कॉलेजातला कॅल्क्युलसचा अमुक कोर्स अमुक विद्यापीठातल्या कोणत्या कोर्सच्या बरोबरीचा, याच्या याद्या आधीच जाहीर असतात. इंजिनिअरिंगला जायचं तर ते गणित आधी पूर्ण करून यायचं.

आपल्याकडे यादी लागते ती टक्क्यांवर. कोणतं गणित झालं आणि कोणतं राहिलं, हे प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही. ते विचारलं जातं वर्गात, आणि तेव्हा उत्तर विद्यार्थ्याला एकट्याला द्यावं लागतं.

जरा जवळून पाहू. एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या, डिप्लोमात गणित साधारण पहिल्या वर्षीच आटोपतं. पुढची दोन वर्षं शाखेचे विषय, प्रॅक्टिकल, मायक्रो-प्रोजेक्ट, कंपनीतलं प्रशिक्षण. डिग्रीत तिसऱ्या सेमिस्टरला 'एम-थ्री' येतं. बऱ्याच शाखांत त्याची सुरुवात लाप्लास ट्रान्सफॉर्मने होते, मग फूरिए सिरीज, मग कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स. फळ्यावर सर इन्टिग्रेशन बाय पार्ट्स एका ओळीत उरकतात, पार्शल डेरिव्हेटिव्ह 'तुम्हाला माहीत आहेच' म्हणून पुढे जातात. बारावीहून आलेल्यांनी हे पहिल्या वर्षाच्या एम-वन आणि एम-टूमध्ये घोटलेलं असतं. डिप्लोमावाल्याने शेवटचं इन्टिग्रेशन दोन वर्षांपूर्वी केलेलं असतं. त्यात डीएसईचे राउंड संपेपर्यंत कॉलेज बहुधा सुरू झालेलं असतं, म्हणजे पहिली काही लेक्चरं बुडालेली आणि मिडटर्म तोंडावर. ऐंशी-नव्वद टक्के घेऊन आलेल्या मुलाला पहिली केटी लागते ती बऱ्याचदा इथे, आणि घरात वाटतं की पोराचं लक्ष उडालं.

उलट बाजूही सांगायला हवी. वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगमध्ये, सर्किट जोडताना, मशीन चालवताना हीच मुलं वर्गाच्या पुढे असतात. प्रोजेक्टचा ग्रुप करताना डिप्लोमावाला आपल्याकडे हवा म्हणून ओढाताण होते. कमी पडतं ते सिद्धतेत आणि गणितात. ही कमतरता भरून निघते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो.

तो वेळ निकालानंतर मिळत नाही. म्हणून तयारी पाचव्या सेमिस्टरपासून धरावी. आपल्याच इमारतीत किंवा वाडीत डिग्रीच्या पहिल्या वर्षाला असलेलं कुणी ना कुणी सापडतंच. त्याच्याकडून एम-वन, एम-टूची पुस्तकं घ्या आणि एवढंच करा: डेरिव्हेटिव्ह आणि इन्टिग्रेशनची उजळणी, पार्शल डिफरन्सिएशन, कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स, साधी डिफरन्शियल इक्वेशन्स. शेवटची परीक्षा आणि प्रवेश यांच्यामधल्या सुट्टीत हे पुन्हा एकदा फिरवा. मेकॅनिकल किंवा सिव्हिलमधून कॉम्प्युटरला जाणाऱ्याने त्यात प्रोग्रामिंगची भर घालावी.

दुसरी तयारी कागदांची. डोमिसाईल, दहावीची आणि डिप्लोमाची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला हे सर्वांना लागतं. राखीव प्रवर्गातल्यांना जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, आणि ज्यांना लागू आहे त्यांना नॉन-क्रिमी लेअर. नॉन-क्रिमी लेअरच्या मुदतीची तारीख नीट पाहा. प्रवेशाच्या वर्षासाठी ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. डिप्लोमाच्या वेळी काढलेला जुना कागद फाईलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहिलेली मुलं खुल्या गटात ढकलली जातात. हे दाखले काढायचे तर लक्षात ठेवा, कॉटन ग्रीन मुंबई शहर जिल्ह्यात येतं आणि जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला ओल्ड कस्टम हाऊसमध्ये आहे. जात वैधतेला महिने लागू शकतात, तेव्हा तिचा अर्ज आदल्या वर्षीच टाकावा.

फीचं म्हणाल तर कॅपमधून प्रवेश घेतला असेल तरच राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या सवलतींचा विचार करता येतो. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. मुलीला 'डिप्लोमा झाला, आता नोकरी बघ' असं सांगण्याआधी हा हिशोब घरात एकदा मांडावा.

शेवटी पसंतीक्रम. फॉर्मवर पहिलं नाव ते लिहा जे मिळालं तर तुम्ही खरंच घेणार आहात, कारण पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या राउंडचा रस्ता बंद. त्याखाली मिळण्याच्या शक्यतेचा विचार न करता आवडीच्या उतरत्या क्रमाने नावं लिहा. वरची जागा मिळाली नाही तर यंत्रणा खालची पाहते, वरती लिहिल्याने नुकसान होत नाही. कॉलेज मोठं की शाखा आवडीची, हा वाद मात्र फॉर्म भरण्याआधी मिटवा. पुढची तीन वर्षं रोज अभ्यास शाखेचा करायचा आहे. नियमांत दरवर्षी थोडे बदल होतात, त्यामुळे सीईटी कक्षाची त्या वर्षाची माहितीपुस्तिका मुलाने स्वतः वाचावी. सायबर कॅफेवाल्याच्या किंवा शेजारच्या दादाच्या भरवशावर फॉर्म भरू नये.

पुढच्या आठवड्यात: आयटीआयची दोन वर्षं करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला कसं जायचं, आणि फिटर-इलेक्ट्रिशियनपासून इंजिनिअरपर्यंतची शिडी कोणत्या पायरीला अडते.