शिकायला निघताना – लेखांक ५ : सालामांकाचं घड्याळ आणि नोंदवही

मागच्या लेखांकापर्यंत आपण प्रवेशपत्र, व्हिसा आणि विमा यांच्यातून बाहेर पडलो. आज विद्यार्थी प्रत्यक्ष पोहोचतो. उदाहरणासाठी स्पेनमधलं सालामांका हे शहर घेतलं आहे. माद्रिदपासून ते दोनशेहून थोडे जास्त किलोमीटर लांब आहे, आणि राजधानीच्या विमानतळावरून बसने अडीच-तीन तासांत तिथे पोहोचता येतं. माझी भाची सध्या तिथे शिकते आहे. तिच्याशी होणाऱ्या बोलण्यातून आणि या विषयाच्या अभ्यासातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. पहिल्या काही आठवड्यांत विद्यार्थ्याची जी दमछाक होते, तिला अभ्यासक्रम फारसा कारणीभूत नसतो. दोन गोष्टी त्याला दमवतात, तिथलं घड्याळ आणि तिथली सरकारी नोंदवही. या दोन्हींमागची कारणं आधीच समजून घेतली, तर निम्मा त्रास घरी बसूनच कमी होतो.

सालामांकाच निवडायचं कारण असं की विद्यार्थी म्हणजे काय, हे या गावाला आठशे वर्षांपासून ठाऊक आहे. लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२१८ साली इथलं विद्यापीठ स्थापन केलं आणि आजही ते चालू आहे. परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवण्याची तिथली परंपरा १९२९ पासूनची. तोर्मेस नदीकाठचं हे जुनं शहर १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जुन्या इमारती जवळच्या बियामायोर गावच्या दगडाच्या आहेत, आणि संध्याकाळच्या उन्हात तो दगड सोन्यासारखा पिवळा दिसतो. वस्ती दीड लाखाच्या आत, बहुतेक सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मोठ्या शहरात हरवून जाण्याची भीती वाटणाऱ्या विद्यार्थ्याला हा आकार फार मानवतो.

आता घड्याळाकडे येऊ. पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी भाचीचा फोन आला. "मावशी, साडेसातला जेवायला बाहेर पडले, तर म्हणतात स्वयंपाकघर नऊला सुरू होईल. आणि दुपारी तीनला वही घ्यायला गेले होते, तर दुकान पाचपर्यंत बंद!" मी म्हटलं, "अगं, पेठेतल्या दुकानांची दुपारची सुट्टी पाहत वाढलीस ना तू!" दुकानांचं कोडं तिथेच सुटलं, पण रात्री नऊला जेवण आणि दुपारी अडीच-तीनला दुपारचं जेवण हे काही केल्या तिच्या पचनी पडेना. लोक एवढ्या उशिरा का जेवतात, हा तिचा प्रश्न होता.

याचं उत्तर सूर्यात आहे. सालामांका ग्रिनिचच्या पश्चिमेला साडेपाच अंशांहून थोडं पुढे आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तिथलं घड्याळ लंडनच्याही किंचित मागे हवं. स्पेनने १९०१ साली ग्रिनिचचीच वेळ स्वीकारली होती. पुढे मार्च १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीत देशाची घड्याळं एक तास पुढे करून मध्य युरोपाच्या वेळेशी जुळवण्यात आली, आणि ती पुन्हा कधीच मागे आली नाहीत. त्यात उन्हाळी वेळेचा आणखी एक तास मिळतो. परिणाम असा, की सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सालामांकात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोन वाजून वीस मिनिटांच्या आसपास. तेव्हा सूर्य उगवतो आठच्या सुमाराला आणि मावळतो पावणेनऊच्या सुमाराला. त्याच दिवसांत पुण्यात सूर्य साडेबाराला माथ्यावर असतो.

आता जेवणाच्या वेळा पुन्हा पाहा. पुण्यातलं घर एक वाजता पानावर बसतं, म्हणजे सूर्य माथ्यावरून ढळल्यावर अर्ध्या तासाने. सालामांकातलं घर पावणेतीनला बसतं, म्हणजे तेही जवळपास अर्ध्या तासानेच. दोन्ही घरं सूर्याच्या मानाने एकाच वेळी जेवतात, वेगळं आहे ते फक्त भिंतीवरचं घड्याळ. शेजारचा पोर्तुगाल तर एक तास मागे चालतो. सालामांकाहून पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरच्या आत सरहद्द लागते, ती ओलांडली की सूर्य तिथेच असतो आणि घड्याळात एक तास कमी होतो. हे भाचीला समजावून सांगितलं आणि तिची तक्रार थांबली. लोकांना आळशी किंवा विक्षिप्त ठरवण्याआधी त्यांचा दिवस कशाला बांधलेला आहे ते पाहावं, ही सवय परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला लागावी असं मला मनापासून वाटतं.

व्यवहारात याचा अर्थ काय? सकाळच्या तासाला निघताना खाऊन निघावं. अकराच्या सुमाराला सगळं गाव काहीतरी छोटंसं खातं, आपणही खावं. बँकेची आणि सरकारी कचेरीची कामं दुपारी दोनच्या आत उरकावीत, कारण त्यानंतर खिडकी बंद असते. दोन ते पाच छोटी दुकानं बंद असतात, मोठी किराणा दुकानं मात्र उघडी. रविवारी बहुतेक सगळंच बंद, त्यामुळे शनिवारीच भाजीपाला भरावा. आणि सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी ८ तारीख लक्षात ठेवावी. तो बेगाच्या माउलीचा, म्हणजे शहराच्या रक्षणकर्त्या मेरीचा सण. शहराला सुट्टी असते आणि जत्रेचे दिवस सुरू असतात. त्या आठवड्यात कागदपत्रांची कामं लांबतात हे गृहीत धरावं.

घरी फोन करण्याची वेळही याच हिशेबात बसवावी. उन्हाळी वेळेत आपण साडेतीन तास पुढे असतो. मूल रात्री दहाला खोलीवर येऊन निवांत होतं तेव्हा इथे दीड वाजलेला असतो, आणि मग आईवडील डोळे ताणून जागतात किंवा मूल न बोलताच झोपतं. त्यापेक्षा तिथली दुपारची सुट्टी धरावी. तिथले अडीच म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे सहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग तेच अडीच आपल्याकडचे सात होतात. ही एवढी एक गोष्ट ठरवून घेतली, तर पहिल्या महिन्यातलं दोन्हीकडचं जागरण वाचतं.

संध्याकाळी मात्र मुलांनी खोलीत बसू नये. सालामांकाचा चौक, प्लाझा मायोर, १७२९ ते १७५५ या काळात बांधला गेला. चारही बाजूंनी मिळून ८८ कमानी आहेत, आणि त्यांच्या वरच्या बाजूला राजे, दर्यावर्दी, लेखक यांचे चेहरे दगडात कोरलेले आहेत. उत्तरेच्या बाजूला नगरपालिकेची इमारत आणि तिच्यावर मोठं घड्याळ. गावात कुणालाही भेटायचं ठरलं की 'घड्याळाखाली' एवढंच सांगतात. आठ-साडेआठला आजीआजोबा, बाबागाडीतली बाळं, विद्यार्थ्यांचे घोळके असे सगळे तिथे फेऱ्या मारत असतात. पैसे खर्च न करता भाषा कानावर पडण्याची याहून चांगली जागा नाही. वर्गात संथपणे शिकलेली स्पॅनिश तिथे भरधाव येते, पण रोज तासभर ऐकत राहिलं की हळूहळू तिच्यातले शब्द सुटे होऊ लागतात.

खाण्याबद्दल पालक सगळ्यात जास्त विचारतात. शाकाहारी विद्यार्थ्याने 'मांस नको' एवढं सांगून थांबू नये. हॅमचे तुकडे किंवा टूना मासा घातलेला पदार्थ अनेकदा त्या वर्णनात बसत नाही असं धरलं जातं. हॅम नको, चोरिझो नको, मासा नको, असं एकेक नाव घेऊन सांगावं. बटाट्याची तोर्तिया सगळीकडे मिळते, पण तिच्यात अंडं असतं. दुपारचं ठरलेलं ताट, ज्यात दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी येते, ते रात्रीच्या जेवणापेक्षा बरंच स्वस्त पडतं. आणि एक आनंदाची बातमी अशी, की हा सगळा परिसरच कडधान्यांचा आहे. शहराच्या उत्तरेला ला आर्मुन्या नावाचा सपाट मुलूख आहे, तिथली मसूर स्पेनभर नावाजलेली, आणि पेद्रोसियो गावच्या नावाने ओळखला जाणारा बारीक हरभराही इथलाच. बाहेर यांच्या रश्श्यात हमखास डुकराचं मांस पडतं, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात त्याच मसुरीची आमटी उत्तम होते. सामानात डाळ भरण्याऐवजी गोडा मसाला, हिंग आणि एक छोटा कुकर भरावा.

आता नोंदवही. स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या राहत्या गावाच्या नगरपालिकेत नाव नोंदवायचं असतं. ही नोंद म्हणजे 'पाद्रोन', आणि ते बंधन देशाच्या १९८५ च्या स्थानिक कारभाराच्या कायद्यातच आहे. पासपोर्ट आणि घराचा करार घेऊन जायचं, अर्ज भरायचा, आणि आपण अमुक रस्त्यावर, अमुक मजल्यावर राहतो याचा दाखला घ्यायचा. हा कागद साधा दिसतो, पण पुढची अनेक कामं त्याच्यावर अडतात. म्हणून खोली भाड्याने घेतानाच मालकाला स्पष्ट विचारावं, 'या पत्त्यावर माझी नोंद होईल ना?' काही मालक टाळाटाळ करतात. अशी खोली कितीही छान असली तरी सोडून द्यावी. करारात हिवाळ्यातल्या हीटिंगचा खर्च धरला आहे की नाही, तेही पाहावं. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या पठारावर आहे. सप्टेंबरची दुपार तापते आणि रात्री स्वेटर लागतो, पुढचे महिने तर कडक थंडीचे.

दुसरा टप्पा परदेशी नागरिकाच्या ओळखपत्राचा, ज्याला टीआयई म्हणतात. मुक्काम सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल, तर देशात प्रवेश केल्यापासून एका महिन्याच्या आत त्यासाठी अर्ज करावा लागतो. आधी ऑनलाइन वेळ घ्यायची, मग ठरावीक फॉर्म, शुल्क भरल्याची पावती, फोटो, पासपोर्ट आणि पाद्रोनचा दाखला घेऊन पोलीस कचेरीत जायचं. तिथे बोटांचे ठसे घेतात आणि पोचपावती देतात, कार्ड नंतर येतं. वेळ मिळणं हीच खरी अडचण असते, म्हणून पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच ती मागावी. कार्डावर परदेशी व्यक्तीचा क्रमांक असतो. सुरुवातीला एक्स, वाय किंवा झेड, मग सात अंक आणि शेवटी एक अक्षर. शेवटचं अक्षर आधीच्या अंकांना २३ ने भागून उरणाऱ्या बाकीवरून ठरतं, त्यामुळे लिहिताना एक अंक जरी चुकला तरी संगणक तो नाकारतो. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

या सगळ्या अर्जांवर मराठी माणसाची एक खास अडचण होते, आणि तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, परंपरेने आधी वडिलांचं, मग आईचं. लग्नानंतर बाई आपलं आडनाव बदलत नाही. १९९९ पासून आईचं आडनाव आधी लावण्याची मुभाही आईवडिलांना आहे. त्यामुळे प्रत्येक फॉर्मवर 'नाव', 'पहिलं आडनाव', 'दुसरं आडनाव' असे तीन रकाने असतात. आपलीही नावं तीन शब्दांचीच, पण मधला शब्द वडिलांच्या नावाचा. मग काय होतं? तीन शब्द, तीन रकाने, असं पाहून वडिलांचं नाव 'पहिलं आडनाव' होऊन बसतं आणि खरं आडनाव दुसऱ्या रकान्यात जातं. बँकेत एक नाव, विद्यापीठात दुसरं, पोलिसांकडे तिसरं. पुढे पदवीच्या कागदावर ते निस्तरायला महिने लागतात. उपाय सोपा आहे. पासपोर्टवर जी विभागणी आहे तीच सगळीकडे लिहावी. आपलं आणि वडिलांचं नाव मिळून पहिल्या रकान्यात, आडनाव दुसऱ्यात, तिसरा रकाना रिकामा. कर्मचारी टंकत असताना पडद्यावर काय उमटतंय ते विनंती करून पाहावं. हे विचारायला मुलांना संकोच वाटतो, पण तिथे कुणी वाईट मानत नाही.

विद्यापीठातही ही धिटाई लागते. तिथले बहुतेक प्राध्यापक पहिल्या नावाने हाक मारलेली चालवून घेतात, आणि प्रत्येकाच्या भेटीच्या ठरलेल्या वेळा जाहीर असतात. आपली मुलं 'सरांना कशाला त्रास' म्हणून त्या वेळा फुकट घालवतात. त्या विद्यार्थ्यांसाठीच राखलेल्या असतात, तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांत एकदा तरी जाऊन ओळख करून घ्यावी. वाचायला बसायला शिंपल्यांचं घर आहे. तीनशेहून अधिक दगडी शिंपले भिंतीवर मिरवणारा हा पाचशे वर्षांपूर्वीचा वाडा आज सार्वजनिक ग्रंथालय आहे.

तेव्हा पालकांनी आणि मुलांनी जाण्यापूर्वीच एका कागदावर क्रम लिहून काढावा: नोंदणी होईल अशी खोली, पाद्रोन, ओळखपत्राची वेळ, बँक, आणि सगळीकडे नाव एकसारखं. अभ्यासाचं वेळापत्रक या क्रमाभोवती बसवावं, कारण मुदत चुकली तर तिची भरपाई अभ्यासाच्या वेळातूनच होते. मुलगा किंवा मुलगी हे सगळं एकट्याने, परक्या भाषेत पार पाडते तेव्हा तिच्यात जो आत्मविश्वास येतो तो कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही. म्हणून घरच्यांनी दुरून मार्ग दाखवावा, पण फोन करून तिची कामं स्वतः करू नयेत.

पुढील आठवड्यात : क्रेडिट म्हणजे किती तासांचा अभ्यास, दहापैकी पाच गुणांना उत्तीर्ण करणारी स्पॅनिश गुणपद्धती, आणि पहिल्या सत्राची परीक्षा.