लबकहून वार्तापत्र: भाव तोच, रीत वेगळी

लबक (टेक्सास), नोव्हेंबर २०२५

सध्या इथं कापसाची काढणी ऐन भरात आहे. नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी, आणि शेताच्या कडेला पिवळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले माणसाहून उंच गोल गठ्ठे. रानात माणूस म्हणाल तर एक, तोही यंत्रात बसलेला. मी एरंडोल तालुक्यात वाढलो. कापूस म्हटलं की मला कमरेची ओटी आणि बोंडांच्या टोकांनी सोललेली आईची बोटं आठवतात.

पण हे पत्र भावाबद्दल आहे.

४ जुलै २०२५ ला इथं जो मोठा कायदा झाला, त्यात सरकीसह कापसाचा आधारभाव पौंडाला ३६.७ सेंटांवरून ४२ सेंट केला. मी हिशेब मांडला. क्विंटलला साधारण साडेब्याण्णव डॉलर होतात. डॉलर ८८ रुपये धरला तर ८,१५० रुपये. आपल्याकडे २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये ठरला. आकडे पुन्हा पुन्हा तपासले, चूक सापडली नाही. लबकच्या आणि धुळ्याच्या शेतकऱ्याला त्यांच्या त्यांच्या सरकारांनी जवळपास एकच भाव कबूल केला.

फरक आहे तो भाव हातात पडण्यात. इथं सरकार खरेदी केंद्रं उघडत नाही. शेतकरी बाजारात मिळेल त्या भावाला विकतो, आणि हंगामाचा देशभरातला सरासरी भाव आधारभावाखाली राहिला तर मधला फरक त्याच्या खात्यात जमा होतो. पैसे यायला पुढच्या वर्षाचा ऑक्टोबर उजाडतो. शिवाय ते मिळतात जुन्या नोंदीतल्या क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवर. यंदा तिथं कापूस लावला की नाही, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे पैसा पिकापेक्षा जमिनीला चिकटतो आणि शेवटी खंडात मुरतो. ही रीत आपण जशीच्या तशी उचलावी असं मला मुळीच वाटत नाही.

मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. इथला शेतकरी कापूस विकत नाही, रुई विकतो. जिनिंग बहुधा शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्थेचं असतं. तिथं गाठ बांधली की दोन्ही बाजूंनी मूठभर रुई काढतात, नंबराची चिठ्ठी लावतात आणि तो नमुना गावातल्याच सरकारी प्रतवारी कार्यालयात जातो. धाग्याची लांबी, ताकद, जाडी, रंग, सगळं यंत्रावर मोजलं जातं. प्रत्येक गाठीचं. विकणारा आणि घेणारा, दोघांपुढे तेच आकडे. मी ते कार्यालय आत जाऊन पाहिलं, तेव्हा मला आमच्या घरचे नाना आठवले. आमच्या ओट्यावर खेडा खरेदीवाला यायचा, ढिगात हात घालून चिमूटभर कापूस उपटायचा, दोन बोटांत ताणायचा आणि म्हणायचा, ‘नाना, माल कवडी आहे.’ एका वर्षी त्याच्या काट्यानं क्विंटलमागं चार किलो खाल्ले. ते नंतर कळलं, पण तोवर पैसे दुकानदाराच्या उधारीत गेले होते. नानांना आपल्या कापसाचा रुईचा उतारा किती, हे आयुष्यभर कुणी सांगितलं नाही.

महाराष्ट्रानं यावर मोठा उपाय करून पाहिला होता. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याच्या कापसाची रुई करून विकायची आणि नफा त्यालाच परत द्यायचा, हा मूळ विचार मला आजही पटतो. पण सरकारनं प्रतवारी करणारा पंच होण्याऐवजी स्वतःच एकमेव खरेदीदार व्हायचं ठरवलं, आणि बाहेर भाव चढला की शिरपूरचा कापूस रातोरात सेंधव्याला जाऊ लागला.

आता भावाकडे परत, आणि इथल्या एका अर्थतज्ज्ञाबद्दल. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे डॅनियल समनर अमेरिकेच्या कृषी खात्यात मोठ्या पदावर होते. २००२ मध्ये ब्राझीलनं अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, तेव्हा त्यांनी ब्राझीलच्या बाजूनं हिशेब मांडून दिला: हे अनुदान नसतं तर १९९९ ते २००२ या काळात जगात कापसाचा भाव सरासरी १२.६ टक्क्यांनी जास्त राहिला असता. इथल्या कापूस उत्पादकांना ते झोंबलं. पण ब्राझील जिंकला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. भारत त्या खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून बसला होता. पडलेला भाव जळगावनंही सोसला होता. भरपाई ब्राझीलला मिळाली.

हे नातं जुनं आहे. १८६० च्या दशकात इथं यादवी युद्ध पेटलं, अमेरिकेचा कापूस लँकेशायरला पोचेना, आणि जळगाव कापसाची मोठी पेठ झाली. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि त्याच पेठेला जबर फटका बसला. २०२५ मध्येही बाहेरच्या कापसाची तशीच झळ. १९ ऑगस्टला दिल्लीनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेर, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमकं आपला नवा कापूस बाजारात उतरण्याच्या दिवसांत. खरिपाची पेरणी होऊन गेल्यावर नियम बदलणं हा शेतकऱ्याशी केलेला दगा आहे, असं मी मानतो. शुल्क ठेवा किंवा काढा, पण मे महिन्यात सांगा.

भावांतर, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक, द्यावं का, असं घरचे विचारतात. द्यावं, पण आधी प्रतवारी. मध्य प्रदेशात २०१७ मध्ये भावांतर आलं आणि व्यापारी भाव पाडतात अशी ओरड झाली. मालाचा दर्जा घेणाऱ्याच्या बोटांवर ठरतो तिथं दुसरं काय होणार? २०२३ च्या खरिपासाठी आपल्या सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये दिले, दोन हेक्टरपर्यंत. गरजेला कामी आले. पण तेवढ्या पैशात जळगाव, धुळे, चोपडा, शिरपूर इथं प्रतवारीची यंत्रं बसली असती तर ती दर हंगामाला कामी आली असती.

काल घरी फोन केला. कापूस अजून विकलेला नाही. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली उतरावा म्हणून ओट्यावर पसरलाय, आणि आभाळ आलंय.