टाचणीचे निदान

पावसाळा ओसरू लागला की बेळगावच्या आसपासच्या तळ्यांच्या काठी आणि भातखाचरांच्या बांधांवर टाचण्या दिसू लागतात. टाचणी ही चतुराची सडपातळ बहीण. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. चतुराचे टपोरे डोळे बहुतेकदा माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात, टाचणीचे मात्र दोन टोकांना दूर दूर. एवढी ओळख कोणासही पाच मिनिटांत होते. कस लागतो तो त्यापुढे, जातीचे नाव सांगताना.

आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे भारतीय चतुर-टाचण्यांवरील पायाभूत ग्रंथ एका डॉक्टरने लिहिला आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट कर्नल एफ. सी. फ्रेझर यांचे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील तीन खंड १९३३, १९३४ व १९३६ साली प्रसिद्ध झाले. फ्रेझर यांच्या भिंगाखाली प्रत्यक्ष कीटक होता. आम्हा हौशी मंडळींच्या हाती केवळ छायाचित्र असते. कीटक उलटून पाहता येतो, छायाचित्र नाही.

गेल्या सप्टेंबरात एका तळ्याकाठी मला एक इवलीशी केशरी टाचणी टिपता आली. नेहमीप्रमाणे नाव न लिहिता ते चित्र मी स्नेह्यांकडे पाठविले. निवृत्त शिक्षक असलेल्या मित्राने ‘अ‍ॅग्रिओक्नेमिस पिग्मिया’ची मादी असावी असे सुचविले, तर कृषी महाविद्यालयातील प्राध्यापकांनी ‘इश्नुरा सेनेगालेन्सिस’ची. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. दोन्ही जातींच्या कोवळ्या माद्या केशरी-लाल असू शकतात आणि वयात आल्यावर हिरवट होतात. वयानुसार लक्षणे पालटतात, हे बालरोगतज्ज्ञास वेगळे सांगावयास नको.

आमच्या गटात एक तरुणी आहे. तिच्या बालपणी तिला लसी मीच टोचल्या होत्या. तिने नाव सुचविलेच नाही, उलट विचारले, ‘‘डॉक्टरकाका, लांबी किती होती? मानेचा भाग बाजूने दिसेल असे चित्र आहे का?’’ पिग्मिया जेमतेम दोन सेंटीमीटरची, सेनेगालेन्सिस जवळजवळ तीन. पण माझ्या चित्रात तुलनेसाठी काहीच नव्हते. मानेचे महत्त्व निराळे. मीलनाच्या वेळी टाचणीचा नर शेपटीच्या टोकाशी असलेल्या चिमट्याने मादीची मानच पकडतो. चिमटा आणि मान यांची घडण जातीजातीत निराळी असल्याने ओळख पटविताना हे अवयव रंगापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतात.

पुढच्याच रविवारी त्याच काठावर एक जोडी सापडली. नराच्या काळसर शेपटीच्या टोकाजवळ निळा पट्टा होता. पिग्मियाच्या नराचे टोक विटकरी असते. मानही स्पष्ट दिसत होती. सेनेगालेन्सिसवर एकमत झाले. आता पहिल्या चित्राचाही उलगडा झाला, असे मित्रांना वाटले. मात्र ती मुलगी ठामपणे म्हणाली, ‘‘ही जात त्या तळ्यावर आहे, एवढेच सिद्ध झाले. पहिल्या चित्राखाली नाव लिहू नका.’’ गावात गोवराची साथ आहे म्हणून समोरच्या बालकाच्या अंगावरचे पुरळ गोवराचेच ठरत नाही. हाच न्याय तिने टाचणीला लावला.

असे रिकामे ठेवलेले नाव निरुपयोगी नसते. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून २०१९ साली ‘सेरिअ‍ॅग्रिऑन क्रोमोथोरॅक्स’ ही नवी जात शास्त्रास ज्ञात झाली. आपल्याकडे सर्वत्र आढळणारी पिवळी टाचणी याच प्रजातीतील. रंगसाम्यावरून घाईने परिचित नाव चिकटविले तर असे वेगळेपण नोंदवहीतच गाडले जाते. तारीख, स्थळ आणि अंदाजे लांबी यांसह ठेवलेले निनावी चित्र मात्र पुढे कोणीही पुन्हा तपासू शकतो.

हल्ली पालक मोबाईलवर पुरळाचे चित्र पाठवून रोगाचे नाव विचारतात. काचेच्या पेल्याने दाबल्यावर ते पुरळ फिके होते की तसेच राहते, हे चित्र सांगू शकत नाही; आणि तापलेल्या मुलाच्या बाबतीत कधी कधी नेमके तेच जीवनमरणाचे ठरते. ‘‘चित्रावरून सांगता येत नाही, मुलाला आत्ताच घेऊन या,’’ हे वाक्य मी आता निःसंकोचपणे उच्चारतो. माझ्या नोंदवहीत त्या केशरी टाचणीसमोर आजही ‘जात अनिश्चित’ एवढेच लिहिले आहे.