मराठी नामांचे अनेकवचन

मराठीत एकवचन आणि अनेकवचन अशी दोनच वचने आहेत. संस्कृतातील द्विवचन प्राकृतातच लोपले. नामाचे अनेकवचन केवळ अंत्य अक्षरावरून ठरत नाही, त्याचे लिंगही ठाऊक असावे लागते.

याचे उत्तम उदाहरण संत्र्याचे. अमरावती जिल्ह्यातील तिवसा, मोर्शी, वरुड या भागांत ‘एक संत्रा, चार संत्रे’ असे म्हणतात. हे नाम तेथे पुल्लिंगी असल्याने ‘घोडा–घोडे’प्रमाणे चालते. पुण्याकडे तेच फळ नपुंसकलिंगी आहे : ‘एक संत्रे, चार संत्री’. ‘संत्रे’ हे रूप एकीकडे अनेकवचन, तर दुसरीकडे एकवचन. दोन्ही रूपे आपापल्या लिंगानुसार नियमित असल्याने यांपैकी एकास अशुद्ध ठरविणे व्याकरणास धरून नाही.

आकारान्त सोडून इतर पुल्लिंगी नामे बदलत नाहीत : देव, कवी, लाडू. तेथे वचन क्रियापदावरून कळते : ‘लाडू पडला’, ‘लाडू पडले’. फ्रेंचमध्येही काहीसे असेच आहे. अनेकवचनाचा अंत्य ‘एस’ लिहितात, पण सहसा उच्चारत नाहीत. ऐकणाऱ्यास वचन कळते ते नामापूर्वीच्या उपपदावरून. ‘ल लिव्र’ म्हणजे पुस्तक, ‘ले लिव्र’ म्हणजे पुस्तके. मराठीत आदरार्थी अनेकवचनाची आणखी एक गुंतागुंत आहे : ‘शिक्षक आले’ या वाक्यात शिक्षक एक की अनेक, हे संदर्भच सांगतो.

स्त्रीलिंगी नामांत नदी–नद्या, सासू–सासवा ही रूपे सरळ आहेत. शाळा, भाषा यांसारखी आकारान्त नामे तशीच राहतात. खरी अडचण अकारान्त नामांची. वीट–विटा, चूक–चुका, पण भिंत–भिंती, विहीर–विहिरी. ही रूपे ऐकून व वाचूनच अंगवळणी पडतात.

नपुंसकलिंगी नामांची अनेकवचने घर–घरे, केळे–केळी, लेकरू–लेकरे (बोलण्यात ‘लेकरं’) अशी होतात. यांचा अंत्य स्वर मूळचा सानुनासिक : संस्कृत ‘फलानि’, जुन्या लेखनात ‘फळें’. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यामुळे ‘केळीं’ (फळे) आणि ‘केळी’ (झाडे; एकवचन ‘केळ’) हा लेखनातील भेद बुजला. अनेकवचनी सामान्यरूपावरील अनुस्वार मात्र राखला गेला, आणि विद्यार्थी नेमका तोच विसरतात. ‘शेतकऱ्याचे कर्ज’ आणि ‘शेतकऱ्यांचे कर्ज’ यांत अंतर एका टिंबाचेच आहे.

पोहे, कांजिण्या, हाल, डोहाळे ही नामे बहुधा अनेकवचनातच योजली जातात.