पाच वेळा चाळीस

सकाळी अकरा चाळीसला घोडबंदर रोडवर पातलीपाड्याच्या पुलाखाली ट्रक, बसगाड्या आणि रिक्षा एकमेकांत अडकलेल्या असतात. त्या वेळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, तिकडच्या उन्हाळ्यात, रात्रीचे दोन दहा झालेले असतात. आम्ही जिचं काम पाहतो ती विमा कंपनी झोपलेली असते, तिचा हिशेब मात्र जागा असतो. दिवसभरात आलेले हप्ते, दावे, रद्द झालेल्या पॉलिसी असं सगळं मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर एकामागून एक जॉब लावून मिटवलं जातं. याला आम्ही बॅच म्हणतो. त्यांची रात्र नेमकी आमच्या कामाच्या वेळेत पडते, म्हणून ही राखण ठाण्यात आली. वीसेक वर्षं मी ती करतोय.

जुलैमधल्या एका सकाळी बिलं काढणारा जॉब अबेंड झाला, म्हणजे मध्येच पडला. कोड सॉक-सेव्हन. हा शब्द आमच्या घरच्यांनाही पाठ झालेला असतो. अर्थ एवढाच, की जिथे आकडा हवा तिथे आकडा नाही. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी डोंबिवलीची; लोकलने ठाणे आणि पुढे टीएमटीची बस. टीममध्ये तिला चार महिने झाले होते. म्हटलं, "डंप उघड." डंप म्हणजे जॉब पडला त्या क्षणी मशीनच्या मेमरीत काय होतं, त्याची नोंद.

काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं, चोवीस ओळी, ओळीत ऐंशी घरं. ऐंशी का, तर पंचकार्डावर ऐंशी रकाने असायचे. कार्डं गेली, ऐंशी राहिले. आमच्या कोबोल भाषेतल्या प्रोग्रामची ओळही अजून त्याच मापात लिहितात. पहिली सहा घरं क्रमांकाची. सातव्यात तारा असला तर ती ओळ नुसता शेरा. तो माणसांनी वाचायचा, मशीन तिकडे बघत नाही.

डंपमधल्या पत्त्यावरून प्रोग्रामच्या लिस्टिंगमधली ओळ सापडली. साधी बेरीज होती, हप्ता एकूण रकमेत मिळवायचा. हप्त्याचा रकाना पाच बाइटचा. प्रत्येक बाइटमध्ये दोन अंक कोंबलेले आणि अगदी शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह: 'सी' म्हणजे अधिक, 'डी' म्हणजे उणे. १२५० डॉलर ७५ सेंट असतील तर तिथे ०० ०१ २५ ०७ ५सी असं दिसतं. आमच्यासमोर होतं ४० ४० ४० ४० ४०. मेनफ्रेमच्या लिपीत ४० म्हणजे कोरी जागा. शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्हाऐवजी शून्य पाहून मशीन जागच्या जागी थांबलं होतं.

"सर, शून्य टाकून पुढे जाऊ या?" तिने विचारलं. घड्याळ पाहता प्रश्न रास्त होता, अडीचपर्यंत बिलं छपाईला जायची होती. पण शून्य हाही आकडाच. तो टाकला की कुणाचा तरी हप्ता माफ होतो, आणि तो माफ करणारे आम्ही कोण? शिवाय जॉब पहिल्यापासून चालवला तर आधीच्या पायऱ्यांत निघालेली बिलं दुसऱ्यांदा निघणार. तिकडच्या माणसाला झोपेतून उठवलं, त्याच्या होकाराने ती एक नोंद वेगळ्या फाइलमध्ये काढली आणि जॉब पडला त्याच पायरीपासून सोडला. एक पाचला तो संपला. रिटर्न कोड चार शून्यं, म्हणजे सगळं ठीक. मग दोघांनी डबे उघडले.

या यंत्रांना लोक म्हातारी म्हणतात, ते खोटं नाही. कोबोल १९५९ची. १९६४मध्ये आयबीएमने सिस्टीम/३६० आणली, तेव्हा मशीन मोठं घेतलं तरी प्रोग्राम नव्याने लिहावा लागू नये हा तिचा मुद्दा होता, आणि तो वारसा आजच्या मेनफ्रेमपर्यंत आला आहे. आपल्याकडच्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या आरंभीही कोबोलच होती. १९७४मध्ये टाटा कन्सल्टन्सीने बरोज कंपनीसाठी रुग्णालयाची एक प्रणाली एका कोबोलमधून दुसऱ्या कोबोलमध्ये नेली. टाटा कन्सल्टन्सीचं मोठं ऑफिस आज याच रस्त्यावर, हिरानंदानी इस्टेटमध्ये आहे. २०२०च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली. टाळेबंदीत बेकारभत्त्याचे अर्ज एवढे आले होते की जुन्या यंत्रणेचा दम निघाला.

मग ही यंत्रणा बदलत का नाहीत? पैसा लागतो, धोका असतो, हे आहेच. पण त्या दिवशीचं खरं उत्तर लिस्टिंगमध्ये, बेरजेच्या दोन ओळी वर होतं. सातव्या घरात तारा, पुढे १९८७ची तारीख, कुणाची तरी आद्याक्षरं आणि एका राज्यातल्या पॉलिसींना हा नियम लावू नये अशी सूचना. तो नियम का, हे आता कंपनीत कुणालाच आठवत नाही. तो चालतो मात्र रोज. असे हजारो निर्णय या ओळींत मुरलेले आहेत. नवी प्रणाली लिहायची तर आधी ते सगळे वाचून काढावे लागतात. बाहेर घोडबंदर रोडचं तेच चाललंय: मेट्रोचे खांब उभे राहिले, खड्डे भरले, पुन्हा पडले, पण रस्ता एक दिवस बंद ठेवून नीट करू म्हणायची सोय नाही.

कोऱ्या जागा एका नव्या अॅपमधून आल्या होत्या. तिथे रकमेचा रकाना रिकामा सोडता येत होता. पुढच्या आठवड्यात त्या मुलीने बेरजेआधी तपासणी घातली: रक्कम आकडा नसेल तर नोंद बाजूला काढायची. पाच ओळींचा बदल, पण चाचण्या आणि मंजुऱ्या मिळून तीन आठवडे गेले. लाइव्ह होण्याआधी मी तो वाचला. १९८७च्या ताऱ्याखाली तिचा तारा होता, तारीख आणि आद्याक्षरांसह. सूचना तिने एका ओळीची केली नव्हती. नोंद बाजूला का काढायची आणि शून्य का टाकायचं नाही, हे तीन ओळींत लिहिलं होतं.