नवतप्यात उंचावणारी धावपट्टी

गोंदिया तालुक्यातल्या बिरसी विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची ९८७ फूट. नकाशावर हाच आकडा, वैमानिकांच्या तक्त्यांतही हाच. पण मे महिन्याच्या अखेरीस कडक उन्हाच्या नऊ दिवसांचा नवतपा लागतो, पारा ४५ अंशांना टेकतो आणि भर दुपारी याच धावपट्टीवर उभं असलेलं विमान पाच हजार फुटांहून अधिक उंचीवर असल्यासारखं वागू लागतं. महाबळेश्वर ४,४०० फुटांच्या आसपास, कळसूबाईचं शिखर ५,४००. धानाच्या बांध्यांमधली ही सपाट धावपट्टी उन्हाळी दुपारी या दोहोंच्या मधे कुठेतरी जाऊन बसते.

हा हिशेब कोणालाही कागदावर करता येतो. जगभरचे विमान कारखाने आपल्या तक्त्यांसाठी एक ठरावीक वातावरण गृहीत धरतात: समुद्रसपाटीवर १५ अंश तापमान, १०१३ हेक्टोपास्कल दाब आणि दर हजार फुटांना सुमारे दोन अंशांची घट. त्या हिशेबाने बिरसीला १३ अंश तापमान असायला हवं. ते ४५ असेल तर फरक ३२ अंशांचा. प्रत्येक जादा अंशामागे साधारण १२० फूट धरले की ३,८०० फूट वाढले. उन्हाळ्यात मध्य भारतावर दाबही उतरलेला असतो. तो १००२ च्या आसपास असेल तर आणखी तीनशे फूट. मूळच्या ९८७ मध्ये हे सगळं मिळवलं की बेरीज पाच हजारांवर जाते. वैमानिक या आकड्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. जमीन जिथल्या तिथेच असते, पण पंखांना आणि इंजिनाला जी हवा मिळते ती त्या उंचीवरची असते.

ग्रॅममध्ये मोजलं तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. डिसेंबरच्या पहाटे, दहा अंश तापमानात, बिरसीच्या एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १,२०० ग्रॅम भरतं. मेच्या त्या दुपारी ते १,०५० ग्रॅमच्या आसपास येतं. दर घनमीटरमागे दीडशे ग्रॅम हवा गायब. उलट डिसेंबरच्या त्या पहाटे डेन्सिटी अल्टिट्यूड पाचशे फुटांवर उतरते, म्हणजे धावपट्टी आपल्या खऱ्या उंचीच्याही खाली जाते.

ही धावपट्टी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, इंग्रज सरकारने ती बांधली. युद्ध संपलं आणि पुढची कित्येक दशकं तिला फारसं काम उरलं नाही. मग भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ताबा घेतला, लांबी २,३०० मीटरपर्यंत नेली, आणि २००८ च्या सुमारास प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून इथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल तेव्हा केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री होते. मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगची आणि डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोची प्रवासी सेवा इथून सुरू झाली. पण बिरसी, कामठा, परसवाडा या गावांच्या आकाशात दिवसभर घुमणारा आवाज शिकाऊ विमानांचा असतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि त्यातले बरेचसे तास एकाच धावपट्टीवरून उडणं, वळसा घालणं आणि परत उतरणं यात जातात.

संस्थेची विमानं ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीची: एका इंजिनाचं डीए-४० आणि दोन इंजिनांचं डीए-४२. दोन्ही कंपोझिट सांगाड्याची. हा सांगाडा उन्हात तापू नये म्हणून वरून पांढरा रंग. डीए-४० चं छत म्हणजे एक मोठा पारदर्शक घुमट, दृष्टीला सुरेख आणि उन्हाळ्यात जीवघेणा. म्हणून जमिनीवर चालताना हे छत बोटभर फटीवर अडकवून ठेवायची सोय दिलेली आहे. नाकावरच्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, वारा त्या फटीतून आत येतो. धावपट्टीच्या तोंडाशी आलं की फट बंद करायची, खटका नीट बसला की नाही ते हाताने तपासायचं, आणि तिथून पुढची मिनिटं काचेखालच्या भट्टीत काढायची. शर्ट पाठीला चिकटलेला, हेडसेटच्या गादीखाली घामाची धार, अशा अवस्थेत विद्यार्थी थ्रॉटल पुढे ढकलतो.

इथे खरी गंमत वेगदर्शकाची आहे. शिकाऊ विमानाचं नाक साधारण ६० नॉट वेगाला उचलायचं असतं. डिसेंबरमध्येही ६० आणि मेमध्येही ६०. आकडा बदलत नाही. कारण वेगदर्शक जमिनीवरचा वेग मोजतच नाही. समोरून नळीत शिरणाऱ्या हवेचा दाब तो मोजतो, आणि पंखांनाही त्या दाबाशीच कर्तव्य असतं. हवा विरळ असेल तर तेवढा दाब मिळवायला विमानाला प्रत्यक्षात जास्त पळावं लागतं. वारा नसेल तर डिसेंबरच्या पहाटे हे ६० नॉट म्हणजे जमिनीवरचे ताशी ११२ किलोमीटर, आणि मेच्या दुपारी ताशी १२०. पडद्यावर फरक शून्य. तो फक्त बाहेर दिसतो: कडेचे दिवे जरा जास्त वेगाने मागे पळतात आणि धावपट्टी नेहमीपेक्षा जास्त वापरली जाते.

वेग वाढवायचा, आणि तोही कमी ताकदीवर. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते. पंखाही त्याच विरळ हवेला मागे लोटत असतो, त्यामुळे त्याची ओढ कमी. तिन्ही तोटे एकाच वेळी अंगावर येतात. वैमानिकांचा ढोबळ ठोकताळा असा की डेन्सिटी अल्टिट्यूड हजार फूट वाढली की धाव दहा टक्क्यांनी वाढते. त्या हिशेबाने बिरसीत डिसेंबरच्या पहाटेची धाव मेच्या दुपारी जवळजवळ दीडपट होते.

हेच गणित जमिनीवर, पंखांशिवाय, पाहायचं असेल तर ड्रॅग रेसिंगकडे जावं लागतं. बैलजोड्यांचा शंकरपट पाहिलेल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही: सरळ दाण, शेजारी-शेजारी दोन स्पर्धक आणि सेकंदाच्या तुकड्यांचा निकाल. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, हे त्याचं परंपरागत अंतर. अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या मॉरिसन गावात बँडिमिअर स्पीडवे नावाची ड्रॅग पट्टी होती, ५,८०० फुटांवर. १९५८ पासून २०२३ पर्यंत ती चालली. ‘माइल-हाय नॅशनल्स’ ही तिथली मोठी शर्यत जुलैमध्ये, ऐन उन्हाळ्यात भरायची. मुळात उंची, त्यात ऊन. डेन्सिटी अल्टिट्यूड सहज आठ हजारांच्या पुढे जायची. सपाटीवर विक्रम करणाऱ्या गाड्या इथे मंदावायच्या. म्हणून साध्या इंजिनांच्या वर्गांसाठी उंचीनुसार वेळ दुरुस्त करणारे गुणक वापरले जायचे. टॉप फ्युएल वर्गातल्या राक्षसी गाड्यांचा उपाय वेगळा: सुपरचार्जर जास्त वेगाने फिरवून हवा कोंबायची. शिवाय त्यांचं नायट्रोमिथेन हे इंधन काही ऑक्सिजन स्वतःसोबतच आणतं, त्यामुळे हवेवरचं त्यांचं अवलंबित्व मुळातच कमी.

विरळ हवेत गाडीला होणारा विरोधही कमी होतो, मग फायदा का होत नाही? माणसाला होतो. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये, २,२४० मीटर उंचीवर, बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली, त्यात विरळ हवेचा थोडा हातभार होता. काही सेकंदांच्या झटक्यासाठी स्नायूंना बाहेरच्या ऑक्सिजनची गरज पडत नाही. इंजिनाला मात्र प्रत्येक फेऱ्यात ताजा ऑक्सिजन हवा. पाव मैलाच्या शर्यतीत हवेच्या विरोधात जे वाचतं त्यापेक्षा शक्तीत कितीतरी जास्त जातं.

बिरसीतल्या डीए-४२ च्या इंजिनांनी शक्तीच्या या तोट्यावर बरीच मात केली आहे. ही डिझेल इंजिनं जेट इंधनावर चालतात, त्यांना टर्बोचार्जर असतो, आणि हवा-इंधनाचं प्रमाण संगणक सांभाळतो. त्यामुळे तापलेल्या दुपारीही इंजिन आपली शक्ती बऱ्याच अंशी राखतं. पण पंख आणि पंखे यांना टर्बो बसवता येत नाही. आणि इंजिन थंड ठेवण्याचं काम त्याच ४५ अंशांच्या हवेवर सोपवलेलं असतं. चढताना विमानाचं नाक वर, वेग कमी, शीतकातून जाणारा वारा कमी. तेलाच्या तापमानाचा काटा चढतो आणि विद्यार्थ्याला कधी चढण सोडून नाक खाली करावं लागतं.

पावसाळा आला की पारा उतरतो, पण सुटका पुरती होत नाही. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. तीस-बत्तीस अंशांच्या ओथंबलेल्या जुलैच्या दुपारी वाफेने सुमारे चार टक्के जागा अडवलेली असते, म्हणजे इंजिनाच्या वाट्याचा ऑक्सिजनही तेवढ्याने घटतो. पंखांचा तोटा मात्र दीड-दोन टक्क्यांवर थांबतो. दमट हवा पंखापेक्षा इंजिनाला जास्त छळते, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलं जातं. या भागात त्यावर पान खर्चायला हवं.

मोठी विमानंही यातून सुटत नाहीत. २० जून २०१७ रोजी अमेरिकेतल्या फिनिक्सला पारा ४८ च्या पुढे जाणार म्हणून सीआरजे जातीच्या विमानांच्या डझनावारी फेऱ्या रद्द झाल्या. त्या विमानांची तापमानमर्यादा ४७.८ अंशांना संपत होती. विदर्भात ४७ अंशांच्या बातम्या नवीन नाहीत.

बिरसीची २,३०० मीटरची पट्टी छोट्या विमानाला भरपूर सांभाळून घेते. दीडपट धावही तिच्यात आरामात मावते. म्हणून इथला धोका पट्टी संपण्याचा नाही, त्यानंतरच्या आळशी चढणीचा आहे. मिनिटाला काही शे फूट चढणाऱ्या विमानाची चढण निम्म्यावर आली तर झाडं, तारा आणि टॉवर जास्त वेळ जवळ राहतात. लांब पट्टीवर शिकलेल्या मुलाला टेक-ऑफ सोपं वाटू लागतं, आणि हा गैरसमज इथेच मोडायला हवा. उड्डाणाआधी तापमान आणि दाब घेऊन तक्त्यात बोट फिरवणं ही नुसती औपचारिकता नाही.

तक्त्यात उत्तर बरं आलं नाही तर विद्यार्थ्याच्या हातात उरतं ते वजन. पूर्ण भरलेलं डीए-४० सुमारे साडेअकराशे ते बाराशे किलोचं. त्यातून चाळीस लिटर इंधन कमी केलं की तीसेक किलो उतरतात, मागच्या सीटवर निरीक्षक म्हणून बसणारा सहाध्यायी खाली राहिला की आणखी साठ-सत्तर. इंधन कमी म्हणजे उड्डाण छोटं, म्हणून लांबच्या क्रॉस-कंट्रीला सूर्य उगवतानाच निघावं लागतं. त्यासाठी पहाटे चारला उठून, टॉर्चच्या उजेडात विमानाभोवती फेरी मारून, इंधनाच्या टाकीतले लिटर मोजावे लागतात.